मैया दिसणार नाही इतक्या लांब

माझ्या मुलीने बोटीचं बुकिंग केलं आणि केलं ते नेमकं चुकीच्या तीरावर. नाशकात राहून तू जबलपूरचा भूगोल विसरलीस असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मम्मी, डॅमला दोन साइड असतात हे कोणाच्या लक्षात राहतं?" कोणाच्या राहो न राहो, आमच्या घरात ते राहायलाच हवं होतं. कारण आमच्या घरात आई होती, आणि आईला नर्मदा ओलांडायची नव्हती.

हे जरा नीट सांगते, नाहीतर आमचा हा घोळ बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. जबलपूर नर्मदेच्या उत्तर काठाला आहे. बरगीच्या धरणावर पर्यटकांना बोटी मिळतात त्या जागी जायचं तर तिलवारा घाटाचा पूल ओलांडून दक्षिणेला उतरावं लागतं. इतर लोक पुलावर गाडी हळू करतात, खिडकीतून एखादं नाणं टाकतात, 'नर्मदे हर' म्हणतात आणि पुढे जातात. आईला ते चालणार नव्हतं. ती परिक्रमेत होती.

सत्तरी उलटल्यावर ती दोन मैत्रिणींबरोबर जबलपूरच्या ग्वारीघाटावरून पायी निघाली होती. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, आणि जिथून निघालो तिथे परत येईपर्यंत ती ओलांडायची नाही, एवढा साधा नियम. अमरकंटकला वळसा घालून ती दक्षिण तीराने थेट समुद्रापर्यंत चालत गेली. नदीच्या मुखाशी सगळ्या परिक्रमावासींप्रमाणे समुद्रातून होडीने पलीकडे झाली आणि उत्तर तीराने परत यायला लागली. मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. फोनवर ती कुठल्याशा आश्रमातल्या टिक्कडांचं, त्या जाडजूड रोट्यांचं वर्णन करायची आणि मी इकडे तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करायची. मग बरमान घाटाच्या पायरीवर ती घसरली. घर अवघ्या काही दिवसांच्या चालीवर होतं. गुडघा मोडला. आम्ही उत्तरेकडच्याच रस्त्यांनी गाडी फिरवून तिला घरी आणलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता घरातल्या घरात आणि फार तर बागेत.

सगळ्यांनी समजावलं. उरलेली वाट गाडीने करू म्हणून आमच्या ह्यांनी सुचवलं. घाटावरच्या पुजाऱ्यांनीही वयाला सूट असते म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "नर्मदामैयाशी मी बोलली होती, त्यांच्याशी नाही. पायी म्हटलं होतं." म्हणजे परिक्रमा थांबलेलीही नाही आणि पुरीही होत नाही. तीन वर्षं ती तशीच मध्ये अडकून राहिली. देवघरात, बाळकृष्णाशेजारी, नर्मदेच्या पाण्याने भरलेली गुलाबपाण्याची एक चपटी शीशी उभी असायची. परिक्रमेत ती शीशी गळ्यात बाळगतात आणि शेवटी ओंकारेश्वराला वाहतात.

आता आमच्यासारख्या मराठी घरात ह्याचा अर्थ काय होतो ते बघा. आमचे पूर्वज कधीकाळी चाकरीसाठी इकडे आले आणि दीक्षितपुऱ्यात स्थिरावले. पण मुली दिल्या-घेतल्या त्या नागपूर, अमरावती, पुण्याकडे. माहेर, आजोळ, बारसं, मुंज, दहावा-तेरावा, सगळं नर्मदेच्या पलीकडे. आईचा पाठचा भाऊ, माझा मामा, नागपुरात गेला तेव्हा तिकडून फोन आला, मी बॅग भरली, ह्यांनी गाडी काढली, आणि आई देवघरासमोर बसून राहिली. मी दारातून ओरडले. खरंच ओरडले. मी तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हटलं, सख्ख्या भावापेक्षा नदी मोठी झाली का तुला? आम्ही गेलो, ती राहिली. परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्याला कोणती शाल घातली होती?"

आणि आता माझ्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नाशकात.

मुलगी तिथे एका द्राक्षमळ्यात कामाला आहे. आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखायला देते, कशी चाखायची ते शिकवते, कुठल्या बाटलीत काय आहे ते समजावते. आम्ही नातेवाइकांत ह्याला 'फूड प्रोसेसिंग' म्हणतो. आई शेजारपाजारी 'द्राक्षांच्या कंपनीत' असं सांगते. मुलगा तिथलाच, मळ्याची शेती बघणारा. दोघांना लग्न त्या मळ्यातच करायचं होतं. मुलीने आजीला फोनवर विचारलं तेव्हा आई म्हणाली, "मी इथूनच अक्षता टाकीन, बाळा. व्हिडीओ लावून दे." मुलगी काही बोलली नाही. ती माझ्यासारखी नाही, तिच्या बापावर गेली आहे, वाईट वाटलं की गप्प होते. फेब्रुवारीत ती चार दिवस सुट्टी काढून आली, जीन्समध्ये गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणि टॉवेलात बांधलेले उंच दांड्याचे ग्लास घेऊन. म्हणाली, "आजी तिथे येत नाही ना, तर मी इथे दाखवते. बोटीत बसू, थोडं चालू, मग टेस्टिंग. आमच्याकडे पाहुण्यांना अगदी असंच असतं, बोट सोडून."

तर बुकिंग रद्द झालं. ह्यांच्या बँकेत खातं असलेला एक मच्छीमार उत्तर तीरावर राहतो, त्याची होडी ठरली. मंडला रस्त्याने बरेला गाठायचं, मग उजवीकडे वळून खेड्यांमधून धरणाच्या पाण्यापर्यंत. आईला सगळं सांगितलं. नदी ओलांडायची नाही, ह्याच बाजूच्या काठाकाठाने होडी फिरेल, एखाद्या टेकडीशी उतरू. आईने ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या. एक, दशम्या आणि लसणाची चटणी ती स्वतः करणार. दुसरी अट जरा अवघड होती.

"पिणार असाल तर मैयासमोर नाही."

"आजी, पिणार नाही. चाखणार," मुलगी म्हणाली.

"चाखा. पण तिला दिसाल असं बसू नका. पाणी नजरेआड होईल इतकं लांब चलायचं, मग काय ते करा."

हे पुण्याचे. बदली होऊन जबलपूरला आले आणि माझ्यामुळे इथलेच झाले, पण युक्तिवाद करायची खोड गेली नाही. म्हणाले, "पण आई, नदी तर आत्ताही ऐकत असेल." आई म्हणाली, "ऐकू द्या, जावईबापू. पाहू नका देऊ."

सकाळी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू हिरवागार होता, पळसाला नुकते कुठे कळे धरले होते. शेवटचं खेडं संपलं आणि समोर एकदम पाणीच पाणी. आम्ही जबलपूरकर ह्याला हौसेने समुद्र म्हणतो, आणि खरंच पलीकडचा काठ धुरकट निळ्या रेघेपुरता दिसतो. मधूनमधून टापू आहेत. ते टापू म्हणजे धरणाआधीच्या टेकड्या. पाणी चढत गेलं, गावं खाली राहिली आणि टेकड्यांची डोकी तेवढी वर राहिली.

होडी लांब, चपटी, डांबर फासलेली. तिच्या मधोमध बांबूची काठी आणि त्यावर शीड, खताची पांढरी पोती उसवून एकमेकांना शिवलेलं. मुलीने भाड्याने आणलेली नारिंगी जाकिटं सगळ्यांना चढवली. आईने नऊवारीवर ते जाकीट घातलं, गळ्यातली कापडी पिशवी त्याच्यावर काढून घेतली आणि नावाड्याच्या हाताला धरून अशी काही चढली की आम्ही बघत राहिलो. घरात उंबरा ओलांडताना भिंत धरणारी बाई.

"नर्मदे हर, अम्मा," नावाडी म्हणाला.

"नर्मदे हर. वो पिशवी इधर दे बेटा, उसमें दशमी है."

थोडं वल्हवून त्याने शीड सोडलं. आधी ते नुसतं फडफडलं, मग एक दणका बसावा तसं फुगलं आणि होडी जरा कलून चालायला लागली. इंजिन नाही, वल्हं नाही. बुडाशी पाणी चुळचुळत होतं तेवढाच आवाज. पाण्यातून जुन्या वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते आणि प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मला पोहता येत नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी होडीची कड सोडली नाही. मुलगी पुढे जाऊन आडवी पडली. हे नावाड्याला मासेमारीच्या कर्जाच्या योजना समजावून सांगत होते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि आई वाऱ्याकडे तोंड करून बसली होती, पदर कानामागे खोचून, अगदी खूश.

"समुद्रात अशीच हवा होती," ती म्हणाली. "पण तिथं मी उलट्या करून राहिली होती, पाहायचं राहूनच गेलं."

मग तिने नावाड्याला हाताने दाखवलं. दूर एक लांबट टापू होता, एका बाजूला उतरता, दुसऱ्या बाजूला उंच, माथ्यावर झाडी. "भैया, उस टेकरी पे ले चलो."

मी लगेच सावध झाले. "आई, ते फार आत आहे. पलीकडच्या बाजूला तर नाही ना?"

"टापू आहे तो," आई म्हणाली.

ह्यांनी लगेच निकाल दिला. टापूला चारी बाजूंनी पाणी असतं, म्हणून टापू कुठल्याच तीराचा नसतो, म्हणून तिथे उतरल्याने काहीही ओलांडलं जात नाही. मुलीने अंगठा दाखवला. मला ते पटलं असं नाही, पण आई स्वतःच म्हणतेय तर मी कशाला नियमाची राखणदार होऊ, असं वाटलं. वारा त्याच दिशेचा होता.

बऱ्याच वेळाने, कुठल्याही खुणेशिवायच्या त्या पाण्यात, आई म्हणाली, "जरा पाल उतार दो." नावाड्याने शीड खाली घेतलं. होडी मंद होत थांबली. आईने मान वळवून आधी टापूकडे पाहिलं, मग मागच्या एका डोंगराच्या खांडीकडे, म्हणजे दोन माथ्यांमधल्या खाचेकडे, पुन्हा टापूकडे. मग गळ्यातल्या पिशवीतून देवघरातली ती शीशी काढली, बूच उघडलं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. तिचे ओठ हलत होते. परिक्रमेत घाटाघाटावर शीशीतलं थोडं जुनं पाणी सोडून नवं भरून घेतात, ते मला माहीत होतं. तेच चाललंय असं समजून मी तिचं मनगट धरलं, तोल जाऊ नये म्हणून. पाणी गार होतं. तिने हात वर घेतला, बूच लावलं, शीशी पिशवीत टाकली आणि नावाड्याला म्हणाली, "चलो."

टापूवर उतरलो तेव्हा उन्हाला छान ऊब आली होती. आता चालणं. आईच्या अटीप्रमाणे पाणी दिसेनासं होईपर्यंत. पण टापूवर पाणी न दिसणारी जागा शोधून बघा एकदा! थोडं चढलो की डावीकडे एक चमचमती खाडी दिसायची. तिला पाठ केली की उजवीकडून दुसरी. हे एका मोठ्या खडकामागे टॉवेल पसरून बसलेसुद्धा, "इथून नाही दिसत." मुलगी खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आली आणि म्हणाली, "पप्पा, ते काय आहे मग?" फांद्यांमधून एक निळी पट्टी चमकत होती. हे टॉवेल झटकत उठले. आम्ही तिघं अशी मैयापासून लपत फिरत होतो, हातात बाटल्या घेऊन, चोरासारखी. मला हसू आवरेना. किती दिवसांनी मी अशी हसत होते कोण जाणे.

आई काठी टेकत पुढे गेली होती. दम लागला की थांबायची, पण वाट विचारत नव्हती. सागाच्या गळलेल्या पानांचा नुसता चुराडा होत होता पायाखाली. "इकडं या," तिने हाक मारली. "इकडं खोलगट आहे."

खरंच होतं. दोन उंचवट्यांच्या मधे एक वाटीसारखा सखल तुकडा, मधोमध मोहाचं जुनं झाड, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. कोणी तरी अजून येऊन शेंदूर लावत असणार, तो ताजा होता. चारी बाजूंना कुठेही पाणी नाही. मी विचारलं, "तुला कसं माहीत?" आई म्हणाली, "बस तू. दमली आहेस."

मग आमच्या मुलीने दुकान मांडलं. चादर अंथरली, ग्लास पुसून उन्हात धरून पाहिले, बाटली कापडात धरून बूच काढलं. आणि तिचा आवाजच बदलला. मी तिला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. घरी हिंदी-मराठीची खिचडी करत आळसटून बोलणारी ही मुलगी, इथे प्रत्येकाकडे बघत, सावकाश, न अडखळता सांगत होती. ग्लास दांडीला धरायचा, हाताची ऊब लागू द्यायची नाही. आधी बघायचं. मग हळू फिरवायचा. मग वास. घोट अगदी शेवटी, आणि तो गिळायची घाई करायची नाही. तिच्या कामाला दुसरं नाव देऊन आम्ही ते झाकत होतो ह्याची मला तिथे फार लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "चांगली आहे." "कशी चांगली?" "म्हणजे... चांगलीच आहे." ती हताश होऊन माझ्याकडे वळली. मला आंबट लागली, तसं मी सांगितलं.

"मला वास देऊन पाह्य," आई म्हणाली.

मुलीने ग्लास तिच्या हातात दिला. आईने डोळे मिटले. आयुष्यभर उतू जाणारं दूध आणि लागलेला भात शेजारच्या खोलीतून ओळखणारं ते नाक. "पेरू," ती म्हणाली. "पिकला नाही पुरा. सालीजवळचा. आणि मागून ओलं गवत."

मुलगी ओरडलीच. "आजी! हेच मी सगळ्यांना सांगते! लोकांना दहा वेळा सांगून कळत नाही!"

आई लाजली. ग्लास तसाच धरून बसली. आणि मग तिने तो तोंडाला लावला.

घोट छोटासा होता. मला कळायच्या आत झाला होता. मी जवळजवळ झडप घातली, "आई! अगं, परिक्रमा!"

"काहून ओरडून राहिली?" तिने ग्लास खाली ठेवला. "परिक्रमा आता कुठं आहे?"

आईने पिशवीतून शीशी काढून चादरीवर ठेवली. ती रिकामी होती. आत एक थेंब नव्हता.

"तिचं तिला परत केलं मी," आई म्हणाली. "मघा पाल उतरवली ना, तिथं खाली मैया आहे. खरी, जुनी. आता वर सगळं सारखंच दिसते. पण ही टेकरी आणि ती मागची खांड, दोन्ही एका रेषेत आले की खाली धार. मी रोज तिथनं पाणी आणत होती, मला नाही कळणार?"

मग तिने सांगितलं. लग्न होऊन ती आली तेव्हा बाबांची शिक्षक म्हणून पहिली नेमणूक ह्या खोऱ्यातल्या एका गावात होती. ते गाव पाण्याखाली गेलं एवढं मला माहीत होतं. कुठे, ते मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. गाव ह्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. हा मोह, हा शेंदराचा दगड, बाबा संध्याकाळी मुलांना गोळा करून इथे पाढे म्हणायला बसवायचे. आणि टेकडी होती नदीच्या दक्षिणेला.

"म्हणजे आपण..." हे म्हणाले आणि थांबले.

"दक्षिण तीरावर बसलो आहे आपण," आई म्हणाली. "टापू आता झाला. आधी नव्हता. तुम्ही मला बेट-बेट शिकवून राहिले होते, मी म्हटलं, शिकवू द्या."

मुलगी उठून तिच्याजवळ गेली. तिला मराठी सगळं समजतं, पण मनातलं काही बोलायचं झालं की शब्द सापडत नाहीत. "आजी, मेरे लिये? मी तर काही म्हटलं नव्हतं."

"तू नाही म्हटलं, म्हणूनच," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, दशमीचा डबा उघडत, तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. "भाऊ गेला तेव्हा मी नाही गेली. वाटलं, मैया सांभाळेल मला. तिनं सांभाळलं. पण त्याचा चेहरा नाही पाहिला मी, ते कोणी सांभाळत नाही. रोज दिव्यासमोर बसली की तोच समोर येतो. ह्या पोरीचं लग्न पण मी फोनमध्ये पाहू? नाही. पुलावरून गाडीनं भर्रकन नेलं असतं तुम्ही, तर ते चोरून पळाल्यासारखं झालं असतं. म्हटलं, तिला भेटून, तिला सांगून जाऊ. हात तिच्यात घालून."

"रागावेल का मैया?" मुलीने विचारलं.

"रागावेल." आईने दशमीवर चटणी घातली आणि तिच्या हातात दिली. "आई आहे. दोन दिवस रागावेल. खा आता, कोरडी होते."

मी रडले. उगाच डोळ्यांत कचरा गेला वगैरे मी म्हणत नाही, सरळ रडले. तीन वर्षं मी समजत होते की ही बाई दगडाची आहे, नियमाला घट्ट आणि माणसांना सैल. आणि ती रोज दिव्यासमोर बसून भावाची माफी मागत होती, भिंतीपलीकडे, आणि मी इकडे टीव्ही मोठा करत होते. ह्यांनी त्यांचा रुमाल दिला. तो आधीच वाइनने भिजला होता, तरी दिला.

मग दुसरी बाटली उघडली गेली, लाल. आईने फक्त वास घेतला. जांभळाची साल, म्हणाली, आणि थोडं नवं कातडं, कोऱ्या चपलांसारखं. पुन्हा प्यायली नाही. "एक घोट पुरे. तुझं काम काय ते कळलं मला. आता सांगीन शेजारणीला, वाइन आहे म्हणून." मुलीने खास आणलेलं चीज ह्यांनी खाल्लं, आम्ही सगळे दशम्यांवर तुटून पडलो. नावाड्याला हाक मारली, त्याने वाइनला हात जोडले आणि चार दशम्या खाल्ल्या. आईने उठताना शेंदराच्या दगडाला नमस्कार केला, मोहाच्या खोडावर एक हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. बाबांना काही सांगत असावी. आम्ही पुढे झालो.

उतरताना तिला जड गेलं. एका बाजूने मी, एका बाजूने मुलगी. पहिल्याच वळणावर पाणी दिसलं, सगळीकडून, उन्हात पांढरंशुभ्र. आता लपायचं कोणापासूनच नव्हतं. लग्नात कोणती साडी नेसायची ह्यावर दोघींची चर्चा चालू झाली होती. आईला हिरवी हवी होती, मुलीला ती जांभळ्यात हवी होती, आणि माझं मत कोणी विचारलं नाही.

परतीला वारा पडला होता. शीड अर्धंच भरत होतं, नावाडी मधूनमधून वल्हं मारत होता. आई मुलीच्या खांद्याला टेकली आणि बघता बघता झोपली. तोंड जरासं उघडं, नारिंगी जाकिटात हनुवटी रुतलेली. तीन वर्षांत मी तिला दिवसा अशी गाढ झोपलेली पाहिली नव्हती. मला तिच्याकडे बघून आत कुठेतरी इतकं भरून येत होतं की मी सारखी इकडेतिकडे पाणकावळे बघत होते.

सकाळी जिथे थांबलो होतो तिथे आलो तेव्हा नावाड्याने वल्हं उचलून धरलं. एक हात शिडाच्या दोरीवर ठेवून तो माझ्याकडे बघू लागला, उतरवू का म्हणून. मी मागे टेकडी पाहिली, समोर खांड. दोन्ही एका रेषेत होत्या. तिला हलवून जागं करायला माझा हात उचललाही गेला. मग मी नको म्हणून मान हलवली. त्याने दोरीवरचा हात काढून घेतला. होडी तशीच पुढे गेली आणि आई झोपून राहिली.